बिनमुठीच्या शिक्क्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे आणि मी एका माणसाचा सूड घेतला आहे. हसू नका. माझी मूठ तुटलेली आहे, रबराची एक कड झिजली आहे, मला ठेवायला साधी डबीही नाही. तरी वाशीमपासून अनसिंगपर्यंतच्या चहाच्या टपऱ्यांवर माझी गोष्ट अजून सांगतात. लोक तिखटमीठ लावतात, म्हणून ती तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

माझा जन्म मंगरूळपीरचा. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कस्तुराबाईंचे शिक्के बनवण्याचे दुकान होते. नवरा वारला तेव्हा लोक म्हणाले, दुकान विका. त्यांनी विकले नाही, स्वतः गादीवर बसल्या. त्यांनी सागवानी ठोकळ्यावर माझे रबर चिकटवले आणि वर हातात छान बसेल अशी गोल मूठ लावली. माझ्या मधोमध पिंपळाचे पान आहे आणि भोवती गोलाकार अक्षरे, ‘प्रज्ञा अभ्यासिका, अनसिंग’. आम्हा शिक्क्यांच्या तोंडावर अक्षरे उलटी असतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. कस्तुराबाईंनी मला शाईच्या पॅडवर टेकवले, कागदावर दाबले आणि म्हणाल्या, "पाह्य बापा, कसा नवरदेवावानी दिसून राह्यला!" त्या दिवशी मी फुगलो, तो बरीच वर्षे फुगलेलाच होतो.

मला न्यायला देवमन आले होते. ते मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर ते बायकोला, म्हणजे अंजनाबाईंना घेऊन आपल्या गावी, अनसिंगला परतले आणि दोघांनी मुलींसाठी अभ्यासिका काढली. घरात टीव्ही, पाहुणे, भांडणे. अशा घरात परीक्षेचा अभ्यास करायचा तरी कुठे? देवमन आणि अंजनाबाईंनी दोन खोल्यांत टेबले मांडली, पंखे लावले, कपाटभर पुस्तके आणली. धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवली. पुढे तिला आयकराची ती सवलतही मिळाली, जिला सगळे ‘एटी-जी’ म्हणतात. या सवलतीमुळे संस्थेला दान देणाऱ्याचा कर थोडा कमी होतो, म्हणून पगारदार माणूस दान देताना जरा सढळ हाताने देतो.

देवमन सरळ माणूस होते. ते म्हणायचे, "कर वाचवनं येगळं अन् कर लपवनं येगळं. वाचवाले अक्कल लागते, लपवाले नुसती हिंमत." ते गेले, तेव्हा अभ्यासिका आणि मी, दोघेही अंजनाबाईंच्या पदरात पडलो. पदरात म्हणजे खरोखरच पदरात. एकदा पावती देताना मी त्यांच्या पांढऱ्या लुगड्याच्या पदरावर पडलो आणि जांभळे वर्तुळ उमटले. साबण झाला, लिंबू झाले, रॉकेल झाले. डाग काही गेला नाही. "ऱ्हाऊ दे," त्या शेवटी म्हणाल्या, "आपलंच नाव हाये." तो डाग लक्षात ठेवा. मी पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

दरवर्षी चौदा एप्रिल जवळ आला की अंजनाबाई जुन्या ब्रशने माझे तोंड धुवायच्या. अक्षराअक्षरात अडकलेली वाळकी शाई सुईच्या टोकाने काढायच्या. मला इतक्या जवळून, इतक्या वेळा दुसऱ्या कोणीही पाहिलेले नाही. मला उलटे वाचू शकणारी ती जगातली एकटी बाई आहे.

आणि पावती देताना त्या किती खऱ्या बोलायच्या! एकदा एक मास्तर आले. पाच हजार रुपये रोख टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "बाई, माहा टॅक्स किती वाचन?"

"रोख देलं त काहीच नाई वाचनार. दोन हजाराच्या वर रोख चालत नाई, चेक द्या," अंजनाबाई म्हणाल्या. "अन् मास्तर, तुमी कराची नवी पद्धत घेतली का जुनी? नवीत ही सूट भेटतच नाई. मंग पोरीयसाठी द्याचं असन त द्या, टॅक्ससाठी नका देऊ."

मास्तर गोंधळले, मग हसले आणि त्यांनी चेक लिहिला. अंजनाबाईंनी मला पावतीवर टेकवले. खऱ्या पावतीवर उमटण्यात काय सुख असते, ते मी तुम्हाला कसे सांगू? भुकेल्याने पहिला घास खावा, तसे ते सुख असते.

पण दिवस बदलले. दात्यांची माहिती दरवर्षी संगणकावरून सरकारला कळवायचा नियम आला. अंजनाबाईंना ते जमेना. तेव्हा गावातले खताचे दुकानदार बबनराव त्यांना म्हणाले, "बाई, वाशीमले हरीओम हाये नं. माह्या दुकानाचं कराचं सगळं तोच पाह्यते. लय हुशार पोरगा." संस्थेच्या पंचांत बबनराव मोठे, त्यांचा शब्द कोण मोडणार? अंजनाबाई मला पिशवीत घालून एसटीने वाशीमला गेल्या.

हरीओमचे ऑफिस बसस्थानकाजवळ होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडात गोड भाषा. अंजनाबाई दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा कुठल्या ना कुठल्या कागदावर शिक्का मारायचा राहिला. तिसऱ्यांदा हरीओम म्हणाला, "मावशी, कायले इतल्या चकरा मारता? शिक्का ठेवा इथंच. अन् दोनचार कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून द्या. सगळेच देतात."

सगळेच देतात! अंजनाबाईंनीही सह्या करून दिल्या आणि मी त्याच्या खणात गेलो. मित्रांनो, आमच्या भागातली ही रीतच आहे. कराची कामे करणाऱ्याच्या टेबलाचा खण उघडून पाहा, आत गावोगावचे शिक्के निजलेले असतात. माझ्या शेजारी बबनरावांच्या खताच्या दुकानाचा शिक्का होता, पलीकडे दूध संस्थेचा, खाली मांडव-डेकोरेशनवाल्याचा. घराची किल्ली कोणी परक्याच्या खणात ठेवत नाही. शिक्का आणि कोरी सही मात्र बिनघोर ठेवतात, आणि वर म्हणतात, चकरा वाचल्या.

हरीओम अडाणी असता तर मला एवढा राग आला नसता. त्याला सरळ वाट पुरती ठाऊक होती. मांडववाल्याला तो सांगायचा, "धंद्याचं खातं येगळं ठेव, घरचं येगळं. लग्नाचा सीझन संपला की लगेच हिशेब कर, मार्चची वाट पाहू नको." एका कारकुनाला तो म्हणाला होता, "वर्षाच्या सुरुवातीलेच ठरवा, जुनी पद्धत का नवी. भविष्य निर्वाह निधी, विमा, घराचं कर्ज, सगळं मांडून पाहा." दूध संस्थेच्या सचिवाला त्याने बजावले होते की कागद वेळेत भरा, उशीर झाला की दंड आलाच. खणात पडल्या पडल्या मी हे ऐकायचो आणि वाटायचे, पोरगा चांगल्या हातांत वाढला आहे. कुंपणच शेत खाणार आहे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते?

आधी त्याने माझा अपमान केला. खणाचे कुलूप अडकले की तो मला हातोडीसारखा वापरायचा. एके दिवशी स्टेपलर बसेना, म्हणून त्याने माझ्या मुठीने त्यावर दाणकन ठोकले आणि कस्तुराबाईंनी मायेने बसवलेली माझी मूठ तुटून टेबलाखाली गेली. त्याने वाकून पाहिलेसुद्धा नाही. "चालते," म्हणाला आणि मला बोटांच्या चिमटीत धरून कागदावर घासले. त्या दिवशी माझ्या पोटात पहिली ठिणगी पडली.

मग मार्च आला. वर्षभर हातावर हात ठेवून बसलेले पगारदार धावत आले. "साहेब, टॅक्स लय कटून राह्यला, कायी तरी करा!" हरीओम खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "कायले टेन्शन घेता? जुनी पद्धत घ्या. अनसिंगच्या अभ्यासिकेले तुमी दान देलं, असं दाखवून देऊ. जेवढा कर वाचन, त्यातला थोडा मले द्या."

कोणी एक रुपयाही दिलेला नव्हता. सरकारी संगणकावरच्या संस्थेच्या खात्यात त्याने स्वतःचाच मोबाईल नंबर टाकून ठेवला होता, त्यामुळे तिकडचे सगळे निरोप आणि ओटीपीचे आकडे त्यालाच यायचे. पावत्या त्याने छापून आणल्या आणि त्यांच्यावर मला दाबले. माझ्याच तोंडाने तो खोटे बोलला! ज्या तोंडाने मी देवमन आणि अंजनाबाईंचे नाव सांगत आलो, त्याच तोंडाने. मी रबर आहे, मला हात नाहीत, पाय नाहीत, जीभही नाही. तरी त्या खणाच्या अंधारात मी ठरवले की या माणसाला मी सोडणार नाही. वाट पाहीन, वाळेन, झिजेन, पण सोडणार नाही.

एप्रिल सरला, माझे तोंड कोणी धुतले नाही. दुसरा मार्चही तसाच खोट्या पावत्यांवर गेला. मग ऐन उन्हाळ्यात अभ्यासिकेच्या पत्त्यावर आयकर खात्याचे पत्र आले. अंजनाबाई ते घेऊन हरीओमकडे आल्या, तेव्हा मी खणात होतो आणि शब्दन् शब्द ऐकत होतो. संस्थेने लाखोंचे दान दाखवले आहे, बँकेत ते कुठेच नाही, खुलासा करा, नाहीतर सवलत आणि नोंदणी दोन्ही जातील, असे त्यात लिहिले होते.

"हरीओम, हे काय हाये गा?" अंजनाबाईंनी विचारले.

"मले काय माईत, मावशी? पावत्या तुमच्या, शिक्का तुमचा."

"शिक्का त तुह्यापाशी हाये!"

"माह्यापाशी?" त्याने हाताने खण घट्ट दाबून धरला. "तुमचं वय झालं आता. घरी पाहा, कपाटात असन."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय! मी खणात आपटलो असतो, ओरडलो असतो, पण आमच्या जातीला दुसऱ्याने दाबल्याशिवाय बोलता येत नाही.

गावात चर्चा पसरायला वेळ लागत नाही. बाईनेच पैसे खाल्ले, असे लोक म्हणू लागले. काही घरांनी मुलींना अभ्यासिकेत पाठवणे बंद केले. नोंदणी गेली असती तर दान थांबले असते आणि त्या दोन खोल्यांना कुलूप लागले असते. अंजनाबाईंना मात्र कुलपापेक्षा दुसरीच गोष्ट जाळत होती. देवमनच्या नावावर चोरीचा डाग बसत होता. शेवटी संस्थेचे खजिनदार धम्मरत्न यांनी रविवारी दुपारी अभ्यासिकेतच बैठक बोलावली आणि हरीओमलाही निरोप धाडला.

त्या सकाळी हरीओमने खण उघडला. अंजनाबाईंची सही असलेले एक कोरे लेटरहेड काढून त्यावर त्याने जुनी तारीख टाकली आणि मजकूर छापला: ‘संस्थेचा शिक्का पहिल्यापासून आमच्याच ताब्यात असून सर्व पावत्या आम्हीच दिल्या आहेत.’ मग त्याने पॅडवर शाईची नवी बाटली उपडी केली, मला तिच्यात बुडवून काढले आणि त्या कागदावर दाबले. मी शाईने नुसता निथळत होतो. त्याने मला वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एकदा टेकवल्यासारखे केले आणि सरळ शर्टाच्या खिशात टाकले. बैठकीआधी लवकर पोहोचायचे आणि मला अंजनाबाईंच्या टेबलाच्या खणात सारून द्यायचे, असा त्याचा बेत होता. माझी मूठ शाबूत असती तर मी त्या खिशात मावलोच नसतो. मित्रांनो, हे वाक्य मी रोज मनातल्या मनात घोळवतो आणि रोज मला तितकाच आनंद होतो.

तो अभ्यासिकेत पोहोचला तेव्हा माणसे आधीच बसलेली होती. अंजनाबाई त्यांच्या टेबलाशीच होत्या. बेत फसला. मी खिशातच राहिलो. माझी पाठ त्याच्या छातीला आणि तोंड बाहेरच्या बाजूला. आमच्याकडचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. त्यात थोड्याच वेळात लाईट गेली, पंखे थांबले आणि हरीओमचा शर्ट घामाने अंगाला चिकटू लागला.

बबनराव म्हणाले, "बाई, कारभार तुमचा होता. आता सांगा, काय ते खरं."

"खरं मी सांगतलं. शिक्का मी याच्यापाशी ठेवला होता."

हरीओमने बॅगेतून ते पत्र काढले आणि सगळ्यांसमोर धरले. धम्मरत्न यांनी ते वाचून दाखवले. मग त्यांनी हळूच विचारले, "अंजनाताई, सही तुमची हाये?"

अंजनाबाईंनी कागद जवळ घेतला. खोटे बोलणे त्यांना यायचे नाही. "सही माहीच हाये. पन मी कोऱ्या कागदावर केली होती," त्या म्हणाल्या. खोलीत कुजबुज उठली. बबनरावांनी मान हलवली आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या बापाने टोपी उचलली, जायला निघाल्यासारखी. अंजनाबाई खाली बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असे मुटकुळे करून बसलेले कधी पाहिले नव्हते.

हरीओमला आता जोर चढला. "मावशी मले आईसारख्या," तो उभा राहून म्हणाला. "मले बी वाईट वाटून राह्यलं. पन छातीवर हात ठेवून सांगतो, हा शिक्का मी आजवर हातात धरला नाई!"

आणि मित्रांनो, त्याने छातीवर हात ठेवला.

नुसता ठेवला नाही, दाबला. शपथ खरी वाटावी म्हणून चांगला जोरात दाबला. मला आणखी काय हवे होते? आम्हाला उमटायला शाई लागते, ओल लागते आणि दाब लागतो. शाई त्याची, घाम त्याचा आणि दाबही त्याचाच. दोन मार्च गिळलेला सगळा राग मी त्या ओल्या कापडावर ओकला.

त्याने हात खाली घेतला, तेव्हा पांढऱ्या खिशावर जांभळे वर्तुळ फुटत होते. आधी कड, मग अक्षरे, मग मधले पान. अंजनाबाईंची नजर तिथे गेली. त्या उठल्या आणि सावकाश चालत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हरीओम, हालू नको."

"काहून, मावशी?"

"तुह्या खिशावर काहीतरी लिहून हाये. उलटं हाये, पन मले उलटं वाचता येते." त्यांनी बोट धरून, उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर वाचले. "प्रज्ञा... अभ्यासिका... अनसिंग." मग त्यांनी आपला पदर उलगडून त्याच्या खिशाशेजारी धरला. पदरावरचे वर्तुळ सुलटे, खिशावरचे उलटे. तेच पान, तीच झिजलेली कड.

बबनराव उठले, त्यांनी खिशात दोन बोटे घातली आणि मला बाहेर काढले. मी त्यांची बोटेही रंगवली. अंजनाबाईंचे ऐकून त्यांनी जी मान हलवली होती, तिचा हिशेबही बाकी होताच.

"हे... हे माह्या खिशात कोनं टाकलं?" हरीओम म्हणाला.

मागच्या रांगेतला तो टोपीवाला आधी हसला, मग सगळी खोली हसली आणि मग सगळी खोली चिडली. दाराला बाहेरून कडी कोणी लावली ते मला दिसले नाही. पोलीस येईपर्यंत ती कोणी काढलीही नाही.

अंजनाबाईंनी मला ओंजळीत घेतले आणि त्या रडल्या. मी नाही रडलो. मला दया आली नाही, अजूनही येत नाही. हरीओमवर खटला चालू आहे. ज्यांनी फुकटच्या पावत्या घेतल्या, त्यांना कर भरावा लागला, वर व्याज आणि दंडही. संस्थेचा खुलासा खात्याने मान्य केला आणि अभ्यासिकेची नोंदणी वाचली. मुली परत आल्या. दुसऱ्याच दिवशी हरीओमच्या ऑफिससमोर रांग लागली म्हणे, जो तो आपापला शिक्का परत मागायला. पोलिसांसमोर खण उघडला. बबनरावांचा, दूध संस्थेचा, मांडववाल्याचा, सगळे शिक्के घरी गेले. माझे खणातले सोबती सुटले, हे ऐकून मला जेवढे बरे वाटले, तेवढे माझी स्वतःची सुटका झाली तेव्हाही वाटले नव्हते.

परवा धम्मरत्न म्हणाले, "ताई, याले नवी मूठ बसवून आनू का?" अंजनाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "नको. असाच ऱ्हाऊ दे." त्यांनी ब्रश घेऊन माझे तोंड धुतले. तो काही चौदा एप्रिल नव्हता, तरी धुतले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कमवाल, दुकान काढाल, कदाचित संस्थाही चालवाल. कर जरूर वाचवा, कायद्याने दिलेली प्रत्येक सवलत हक्काने घ्या, आणि जाणत्याचा सल्ला घ्यायला लाजू नका. पण शिक्का घरी आणा. कोऱ्या कागदावर सही करू नका. मोबाईलवर आलेला ओटीपीचा आकडा गोड बोलणाऱ्याला सांगू नका. आणि तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूला हातोडी समजून आपटू नका. आम्ही काही विसरत नाही.

तो पांढरा शर्ट सध्या पोलीस ठाण्यात गाठोड्यात बांधून ठेवला आहे. खटला संपला की हरीओमला तो परत मिळेल, असे सगळे म्हणतात. मिळू दे. त्याने तो साबणाने धुवावा, लिंबाने धुवावा, रॉकेलने धुवावा. अंजनाबाईंनी ते सगळे करून पाहिलेले आहे.